वस्त्रं साताऱ्याची, कारभार पुण्याचा

निवडणूक लागली की पुण्यात चौकाचौकात फ्लेक्स लागतात आणि त्यात एखादा तरी 'आधुनिक चाणक्य' असतोच असतो. नाना फडणवीसांना तर युरोपियन लोकांनी 'मराठ्यांचा मॅकियाव्हेली' करून टाकलं. ही दोन नावं आपण इतकी सहज फेकतो म्हणून म्हटलं मागचं जरा लिहून काढावं, कारण माझं मत असंय की पुण्यात सत्ता कशी आली नि कशी टिकली हे कळायला या दोघांपेक्षा पेशवाईची वस्त्रं (म्हणजे पेशवेपद देताना छत्रपतींकडून मिळणारा मानाचा पोशाख) जास्त उपयोगी पडतात.

चाणक्याचं आधी उरकतो. 'अर्थशास्त्र' हा ग्रंथ कित्येक शतकं गायबच होता, म्हैसूरच्या ग्रंथालयात हस्तलिखित आलं आणि शामशास्त्रींनी ते १९०९ ला छापलं. त्याआधी लोकांना चाणक्य माहीत होता तो नीतीच्या श्लोकांमधून आणि 'मुद्राराक्षस' नाटकातून. म्हणजे शनिवारवाड्यात बसून कोणी अर्थशास्त्राची पानं उलटत होतं हे विसरा.

मॅकियाव्हेलीची गोष्ट जास्त मजेची आहे. हा इटलीतल्या फ्लोरेन्सचा सरकारी कारकून-कम-वकील (कोर्टातला नव्हे, दुसऱ्या दरबारी पाठवतात तो), भाडोत्री सैन्यावर त्याचा भयंकर राग, म्हणून त्याने खटपट करून शहराची स्वतःची फौज उभी केली आणि ती फौज १५१२ ला प्रातोला पहिल्या फटक्यात पळाली. फ्लोरेन्सवर आधी सत्ता गाजवलेलं मेडिची घराणं परत आलं, याची नोकरी गेली, तुरुंग झाला, हाल झाले, आणि मग गावाकडच्या घरी बसून त्याने 'प्रिन्स' लिहिलं तेही मेडिचींनाच अर्पण करून, काम मिळेल या आशेने. छापून आलं १५३२ ला, तोपर्यंत हा जाऊन पाच वर्षं झाली होती. त्यातलं भीती बरी की प्रेम बरं एवढंच सगळे सांगतात, पण तो असंही म्हणतो की लोकांचा द्वेष ओढवून घेऊ नका, त्यांच्या मालमत्तेला हात लावू नका, आणि लोक द्वेष करत असतील तर किल्ला काही वाचवत नाही. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (राज्यकारभारावरच्या ग्रंथात) याच्या बरोब्बर उलट, 'संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग'. ज्याने औरंगजेबाशी झुंजणारे किल्ले बघितलेत तो दुसरं काय लिहिणार!

पण मॅकियाव्हेलीचं एक वाक्य आपल्या कामाचं आहे, त्याचा अर्थ असा की जुन्या घराण्याचं राज्य राखणं सोपं, कारण लोकांना सवय झालेली असते, खरा घाम फुटतो तो नव्या माणसाला. पुण्याने यावर जो उपाय काढला तो मात्र त्याच्या पुस्तकात नाही: राज्य आपण चालवायचं पण नाव जुन्याच घराचं ठेवायचं.

तसं बघितलं तर नावाचं महत्त्व शिवाजी महाराजांनीच आधी ओळखलं होतं. किल्ले, सैन्य, मुलूख सगळं हातात असून १६७४ ला राज्याभिषेक करून घेतला, कारण तोवर आदिलशाहीच्या लेखी ते एका सरदाराचे मुलगेच होते. पुढे १७०७ ला शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले तर ताराबाईंच्या बाजूने हा खरा शाहूच नाही असं उठवलं गेलं. खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंकडे आले तेव्हा पारडं फिरलं. या सगळ्या जोडाजोडीत पुढे आलेला माणूस म्हणजे बाळाजी विश्वनाथ, त्याला १७१३ ला पेशवाईची वस्त्रं मिळाली ती आपल्या मांजरीला (हो, तीच, हडपसरच्या पुढची). १७१९ ला त्याने दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या (म्हणजे महसुलाचा चौथा आणि वर दहावा हिस्सा घ्यायच्या) सनदा आणल्या, म्हणजे बघा, वसूल मराठे तलवारीवर करतच होते तरी बादशहाचा कागद हवा होता.

१७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज गेले आणि पुढच्या वर्षी सांगोल्याच्या करारात सगळा कारभार नानासाहेब पेशव्यांकडे आला. गादीवर ताराबाईंनीच आपला नातू म्हणून पुढे आणलेला रामराजा, आणि त्यालाच ताराबाईंनी साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं, वर हा माझा नातूच नाही म्हणून जाहीर केलं! तरी पेशव्यांनी गादी मोडली नाही की स्वतःला राजा म्हणवलं नाही. मला वाटतं ही सभ्यता नव्हती, हिशेब होता, कारण शिंदे-होळकर-गायकवाड हे छत्रपतींचे चाकर म्हणून पेशव्याचं ऐकत होते, पेशवा राजा झाला असता तर ते कशाला ऐकतील.

सगळ्यात कडक उदाहरण १७७३-७४ चं. ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात पेशवे नारायणरावांना गारद्यांनी (पगारी पहारेकऱ्यांनी) मारलं, भाडोत्री पहारा धन्यावरच उलटला, इथे मॅकियाव्हेली हसला असता (पण मग पानिपतावर शेवटपर्यंत लढलेला इब्राहिमखान गारदी त्याच्या गणितात बसत नाही). वस्त्रं आली त्यांचे काका राघोबादादांना, ज्यांच्यावर संशय होता त्यांनाच. मग बारभाईंनी (राघोबांविरुद्ध एकत्र आलेल्या नाना फडणवीस वगैरे कारभाऱ्यांनी) नारायणरावांच्या गरोदर विधवेला, गंगाबाईंना, पुरंदरावर नेलं, एप्रिलमध्ये मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळासाठी साताऱ्याहून वस्त्रं आणली. नानांची अक्कल ती इथे. पाळण्यातल्या पोराच्या नावावर त्यांनी वीस वर्षांच्या वर राज्य चालवलं. महादजी शिंद्यांकडे तर तेव्हाची सगळ्यात तगडी कवायती फौज, पण १७९२ ला पुण्यात आले ते पेशव्यांसाठी बादशहाकडून वकील-इ-मुतलकची (बादशहाच्या मुख्य कारभाऱ्याची) वस्त्रं घेऊन, आणि दरबारात पेशव्यांचे जोडे काखेतून काढले असं सांगतात. पाटीलबुवा (महादजींना असंच म्हणत) लई पोचलेले होते.

दुसऱ्या बाजीरावाने १८०२ ला वसईचा तह करून इंग्रजांची पलटण घेतली तिथे खेळ बदलला, नाव शाबूत आणि तलवार दुसऱ्याची. पण पुण्यातला इंग्रजांचा अधिकारी एल्फिन्स्टनही हेच शिकला होता. १८१८ ला पेशवाई बुडवताना त्याने साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंहांना बसवलं, इनामं-वतनं चालू ठेवली, पेशवे विद्वान ब्राह्मणांना देत ती दक्षिणा एकदम बंद न करता त्यातून १८२१ ला विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पाय रोवले गेल्यावर १८३९ ला प्रतापसिंहांना काढलं आणि १८४८ ला सातारा खालसा.

१८५७ ला मेरठचे शिपाई बंड करून रातोरात दिल्लीला गेले ते म्हाताऱ्या बहादूरशहाचं नाव मिळवायला. तिकडे कानपूरजवळच्या बिठूरला दुसऱ्या बाजीरावाचे दत्तक पुत्र नानासाहेब (हे वरच्या नानासाहेबांपेक्षा वेगळे) पेशवे म्हणून गादीवर बसले. साताऱ्याहून वस्त्रं मागवायची सोय तेव्हा राहिलीच नव्हती.