घोरपडीला दोर बांधून सिंहगड चढले?

‘१६७० साली घोरपडीच्या कमरेला दोर बांधून मावळे सिंहगडाचा कडा चढले.’ ही गोष्ट आपण सगळेच ऐकत आलोय. पण घटनेनंतर पंचवीस-तीस वर्षांत लिहिलेली सभासद बखर काढून बघा. तिथे मावळे वानरासारखे कडा चढतात, घोरपड नाहीच! ती येते पोवाड्यात, तीही ‘यशवंती’ या नावाने. डफावर गायचं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहायला हवं, आणि हे चित्र एकदा पाहिलं की विसरत नाही. आता प्राण्याकडे बघू. घोरपड फार तर सात किलोची. नख्या घट्ट रोवते खरी, पण हुकमावर जागेवर थांबत नाही. माणसाचा भार तर दूरच. प्रयोग मात्र नको, घोरपड पकडणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.