नळी घातली म्हणजे न्यूमोनिया टळला, हे खरं नाही

इथे इंदूरला रामबागेत कुणाच्या आजींना गिळताना ठसका लागायला लागला की सल्ला ठरलेला, "नाकातून नळी घालून टाका हो, अन्न फुप्फुसात जायचं टेन्शनच नाही." चूक आहे हे. नळी पोटात जाते, पण तोंडातली लाळ थांबते का, ती तशीच श्वासनळीत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, शिवाय पोटातलं फीड, म्हणजे नळीतून दिलेलं पातळ अन्न, उलटून वर येऊ शकतं आणि पेशंट सपाट झोपवलेला असला तर विचारूच नका. पोटाला भोक पाडून बसवतात त्या पेग नळीनंही हे थांबत नाही. डिमेन्शिया, म्हणजे म्हातारपणी स्मृती आणि समज जाण्याचा आजार, फार वाढलेला असेल तर नळीनं आयुष्य वाढतं असंही दिसलेलं नाही, अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी या वृद्धांवर उपचार करणाऱ्यांच्या संस्थेनं २०१४ ला सरळ सांगितलं, अशांना नळी नको, नीट बसवून हातानं भरवा. वर आजी नळी ओढतात म्हणून हात बांधायचे, बघवत नाही ते. स्ट्रोकनंतर काही दिवस नळी लागते ती गोष्ट वेगळी. आणि हो, नळीत हवा मारून पोटावर स्टेथोस्कोपनं गुडगुड ऐकली म्हणजे नळी जागेवर आहे असं नाही, फुप्फुसात गेली तरी तसाच आवाज येऊ शकतो, शंका असली तर पहिलं फीड द्यायच्या आधी एक्स-रे करायला सांगा.