नोंदवहीतल्या नर्स आणि उपकेंद्रातल्या नर्स

देशात नोंदणी झालेल्या परिचारिका ३३ लाखांहून जास्त आहेत, म्हणजे हजार लोकांमागे जवळपास दोन, असं केंद्र सरकार गेली काही वर्षं सांगत आलं आहे. अपेक्षा हजारी तीनची धरली जाते. खानदेशात, नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपट्टीत हा आकडा कुणी वाचून दाखवला, तर पाड्यावरची माणसं सरळ विचारतील की मग आमच्या वाटच्या दोघी आहेत कुठे? प्रश्न रास्त आहे. ही मोजणी मुळात वेगळ्याच कामासाठी सुरू झाली होती.

मुंबई इलाख्यात परिचारिका, सुईणी आणि घरोघर जाऊन आरोग्य पाहणाऱ्या हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला. १९०६ मध्ये वेगळे झालेले पूर्व आणि पश्चिम खानदेश हे दोन्ही जिल्हे याच इलाख्यात होते. नोंदवही कशाला, तर हे काम करायचा परवाना कुणाला आहे ते कळावं म्हणून. कोणत्या तालुक्यात किती जणी काम करतात, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. तापीकाठच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणं करणाऱ्या दाईकडे प्रमाणपत्र नव्हतं, त्यामुळे वहीपुरती ती नव्हतीच.

देशभराचा हिशेब ठळकपणे पुढे आला तो देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात. सुमारे ३० कोटींच्या देशात नर्स ७,०००, प्रशिक्षित सुईणी ५,०००. एका नर्समागे ४३ हजार माणसं आणि एका सुईणीमागे ६० हजार! समितीने १९७१ पर्यंत पाचशे लोकांमागे एक नर्स असं उद्दिष्ट ठेवलं. ते आज वाचताना स्वप्नाळू वाटतं, पण आकडे मांडण्याचा प्रामाणिकपणा मात्र नंतर फारसा दिसला नाही.

१९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली. नोंदणी राज्यांनी करायची आणि दिल्लीने बेरीज करायची, अशी वाटणी झाली. महाराष्ट्राचा आजचा परिचारिका कायदा १९६६ चा. घोळ आहे तो या बेरजेत. जुन्या वह्यांत नाव चढायचं, उतरायचं क्वचितच. निवृत्त झालेली, वारलेली, परदेशी गेलेली, लग्नानंतर काम सोडलेली, सगळ्या मोजणीत कायम. त्यात खानदेश सीमेवरचा. शहाद्याची मुलगी जीएनएम (नर्सिंग आणि प्रसूतिविद्येची पदविका) करून सुरतेच्या दवाखान्यात लागली आणि तिने गुजरातेतही नोंदणी केली, तर ती दोन राज्यांच्या आकड्यांत येऊ शकते. शहाद्याला मात्र ती एकदाही मिळत नाही. ही दुबार नोंद काढण्यासाठी परिषदेने आधारशी जोडलेली ऑनलाइन नोंदणी आणि प्रत्येकीला एक राष्ट्रीय क्रमांक देण्याची व्यवस्था आणली. ऑगस्ट २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोग कायद्याने जुना कायदा मोडीत काढून देशाची एकच नोंदवही ठेवायचं ठरवलं.

सुईणीचं काय झालं, ते आणखी गमतीचं आहे. जीएनएम या पदविकेतच प्रसूतिविद्या असल्यामुळे नर्स आणि सुईण एकाच रकान्यात गेल्या. दुसरा रकाना एएनएमचा, म्हणजे कमी मुदतीचं प्रशिक्षण घेतलेल्या सहायक परिचारिका-सुईणींचा. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर एएनएमला बहुउद्देशीय आरोग्य सेविका करण्यात आलं आणि लसीकरण, कुटुंबनियोजन, सर्वेक्षण अशी कामं तिच्या गळ्यात पडली. परिणामी देशात फक्त बाळंतपणं पाहणाऱ्या प्रशिक्षित सुईणी किती, हे राष्ट्रीय आकड्यांतून वेगळं काढताच येत नव्हतं. नर्सना खास प्रशिक्षण देऊन स्वतंत्र मिडवाइफ तयार करण्याची मार्गदर्शक तत्त्वं आली ती थेट २०१८ मध्ये.

सरकारी दवाखान्यांचा हिशेब वेगळा, ‘ग्रामीण आरोग्य सांख्यिकी’ या केंद्राच्या अहवालाचा; आता त्याचं नाव ‘हेल्थ डायनॅमिक्स ऑफ इंडिया’ झालं आहे. त्यात मंजूर पदं, भरलेली पदं आणि रिक्त पदं असतात. माझ्या मते यातला ‘भरलेली’ हा रकानाच खरा उपयोगाचा. उपकेंद्रासाठी, म्हणजे एएनएम जिथे बसते त्या गावपातळीवरच्या सगळ्यात छोट्या सरकारी दवाखान्यासाठी, सपाटीवर ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येचा निकष आहे. जळगाव-धुळ्याच्या काळ्या मातीत गावं एकवटलेली असतात, तिथे पाच हजार म्हणजे एखाददुसरं गाव. सातपुड्यात तीन हजार माणसं अनेक पाड्यांवर विखुरलेली असतात, आणि नर्मदेच्या काठी काही पाड्यांवर आरोग्य पथकाला बोटीने जावं लागतं. कागदावर मात्र दोन्हीकडे एकेकच उपकेंद्र मोजलं जातं.