अमावस्या वेगळी, बीजेची कोर वेगळी: नव्या महिन्याचं स्वागत नक्की कुठल्या चंद्रासमोर करायचं?

आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर दर महिन्याला एक मेसेज ठरलेला असतो, आज न्यू मून आहे, इच्छा लिहून काढा, जुनं सोडून द्या, स्वतःला काहीतरी गिफ्ट द्या, आणि सोबत फोटो असतो तो नखाएवढ्या बारीक चंद्रकोरीचा. मला ही कल्पना मनापासून आवडते, महिन्यातून एकदा बाईने स्वतःसाठी थांबावं आणि स्वतःचे लाड करावेत यात वाईट काहीच नाही. पण त्या मेसेजमधली तारीख आणि तो फोटो एकमेकांना जुळत नाहीत. त्या रात्री तो चंद्र आकाशात नसतोच.

एका मैत्रिणीने हे सगळं अगदी साग्रसंगीत केलं होतं, गच्चीत चटई, ताम्हनात निरांजन, नवी वही, स्वतःसाठी आणलेली मोगऱ्याच्या अत्तराची बाटली, आणि संध्याकाळी सहापासून साडेआठपर्यंत चंद्राची वाट बघत बसली. आभाळ स्वच्छ होतं. चंद्र आला नाही. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, आपली इच्छा चंद्राने घेतलीच नाही, आणि रडवेल्या आवाजात मला फोन केला. तिचं काहीच चुकलं नव्हतं, तिला कोणी सांगितलंच नव्हतं की न्यू मून म्हणजे अमावस्या, आणि फोटोतली ती कोर म्हणजे बीज. दोन्हींत एक-दोन दिवसांचं अंतर आहे आणि करायच्या गोष्टीही वेगळ्या आहेत.

आधी अमावस्या. या दिवशी चंद्र आणि सूर्य आपल्याला आकाशात एकाच बाजूला असतात, चंद्र साधारण सूर्यासोबतच उगवतो आणि सूर्यासोबतच मावळतो, त्याची उजळलेली बाजू पलीकडे आणि आपल्याकडे तोंड केलेली बाजू अंधारात, म्हणजे चंद्र असतो, फक्त दिवसभर उन्हात लपलेला असतो. रात्री बघायला गेलात तर तो केव्हाच मावळलेला असतो. आपलं पंचांग तिथी मोजतं ती चंद्र सूर्यापासून किती अंश पुढे गेला यावरून, दर 12 अंशांना एक तिथी, अशा 30 तिथ्यांत 360 अंशांचा फेरा पूर्ण. त्यातला शेवटचा 12 अंशांचा तुकडा म्हणजे अमावस्या. आणि ज्या क्षणी दोघं एका रेषेत येतात त्या क्षणी अमावस्या संपून शुद्ध प्रतिपदा लागते. मोबाइलच्या ॲपमध्ये न्यू मूनची जी वेळ दिसते ना, अमुक वाजून अमुक मिनिटं, ती हीच असते, अमावस्या संपायची वेळ. कालनिर्णय उघडून दोन्ही ताडून बघा, एखाद-दोन मिनिटं इकडे तिकडे, पण जुळतं.

आता बीज. प्रतिपदा लागली म्हणून लगेच चंद्र दिसत नाही, त्याला सूर्यापासून थोडं दूर सरकावं लागतं, साधारण एक दिवस तरी जावा लागतो, मग पश्चिमेला सूर्य बुडाल्यावर ती कोर दिसते. कधी प्रतिपदेच्याच संध्याकाळी, बहुतेक वेळा द्वितीयेला, म्हणून बीजेचा चंद्र. पंचांगात त्या दिवशी 'चंद्रदर्शन' असं लिहिलेलं असतं, आपण तो शब्द वाचून पुढे जातो, पण नव्या महिन्याचा चंद्र पहिल्यांदा डोळ्याला दिसायचा दिवस तो आहे.

2025 च्या मार्चमध्ये हे इतकं सुंदर समोर आलं होतं. 29 मार्चला शनिवारी दुपारी साडेचारच्या सुमाराला फाल्गुनी अमावस्या संपली. त्या दिवशी सूर्यग्रहणही होतं, आपल्याकडे दिसलं नाही, पण सूर्यग्रहण अमावस्येलाच होतं कारण चंद्र सूर्याच्या आड येणार तो त्याच दिवशी. 30 मार्चला रविवारी सकाळी आपण गुढी उभारली, कारण सूर्योदयाला प्रतिपदा होती. आणि त्याच रविवारी संध्याकाळी पश्चिमेला कोर दिसली, तेव्हा चंद्र 26 तासांचा झाला होता, आणि 31 ला सोमवारी रमजान ईद झाली. एकच चंद्र, पण हिंदू महिना मोजला अमावस्या संपल्यावर, मुसलमानांचा महिना मोजला डोळ्यांनी कोर दिसल्यावर. चाँदरातीला मोहम्मद अली रोडला बांगड्या आणि मेंदीसाठी जी झुंबड उडते तीसुद्धा नव्या चंद्राचं स्वागत आणि स्वतःसाठी खरेदी, दोन्ही एकदमच की.

फोटो टाकताना अजून एक गल्लत होते ती डाव्या-उजव्याची. अमावस्येच्या आधी एक-दोन दिवस पहाटे पूर्वेला एक कोर दिसते, ती सरत्या महिन्याची, ती डावीकडून उजळलेली असते. बीजेची कोर संध्याकाळी पश्चिमेला आणि उजवीकडून उजळलेली. मोबाइलमधल्या इमोजीतही दोन कोरी आहेत आणि घाईत आपण भलतीच टाकतो, म्हणजे स्वागत करायचं नव्याचं आणि चित्र निरोपाचं. मेलबर्न-सिडनीला राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी मात्र हे उलटं आहे, तिकडे दक्षिण गोलार्धात वाढता चंद्र डावीकडून उजळतो, त्यामुळे त्यांनी बाजू न बघता वेळ बघावी, संध्याकाळची कोर म्हणजे वाढती.

आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात ही कोर अगदी आडवी असते, पाण्यावर सोडलेल्या होडीसारखी, आणि भाद्रपद-आश्विनात एका बाजूला कलंडलेली. नीट बघितलंत तर कोरीच्या पोटात उरलेला अख्खा चंद्र राखाडी, अंधुक दिसतो, पृथ्वीवर पडलेलं ऊन उलटून त्याच्यावर गेलेलं असतं. मला त्या दृश्याचं फार वेड आहे. आणि शिवाजी महाराजांची मुद्रा आठवा, 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता', प्रतिपदेच्या चंद्ररेषेसारखी वाढत जाणारी. पौर्णिमेच्या भरलेल्या चंद्राची उपमा नाही घेतली, जेमतेम दिसेल इतक्या बारीक रेषेची घेतली, कारण ती वाढणार आहे. नव्या महिन्यासाठी याहून चांगला शब्द मला तरी माहीत नाही, वर्धिष्णू.

बरं, मग कुठल्या दिवशी काय करायचं. आपल्या घरांमध्ये हे आधीपासून वाटलेलंच आहे, आपणच ते विसरलो. अमावस्येला आपल्याकडे साफ करतात, रिकामं करतात, गेलेल्यांची आठवण काढतात. आषाढातल्या दिव्यांच्या अवसेला घरातले सगळे दिवे बाहेर निघतात, समई, निरांजनं, लामणदिवा, चिंच-मीठ लावून घासायचे, पाटावर मांडायचे, कणकेचे गूळ घातलेले दिवे उकडायचे आणि तुपाची धार सोडून खायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच लखलखीत दिव्यांनी श्रावण सुरू. भाद्रपदाची सर्वपित्री, श्रावणातली पिठोरी, सोमवारी अमावस्या आली की जेजुरीहून खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते, हे सगळं अमावस्येचंच. अमावस्या वाईट, अशुभ, काही करू नका असं जे सरसकट बोललं जातं ते मला पटत नाही, लक्ष्मीपूजन कधी असतं मग? आश्विन अमावस्येलाच ना. पण एक खरं, अमावस्येला नवीन वस्तू घेऊ नये असं घराघरात म्हणतात आणि त्यामागची भावना मला समजते, आधी घर रिकामं होऊ दे, मग नवीन आण.

नवीन मागायचा दिवस बीजेचा. आमची आजी बीजेला संध्याकाळी मागच्या दारात यायची, मला हाताला धरून, घरांच्या फटीतून कोर शोधायची, दिसली की लुगड्याच्या पदराच्या काठातून एक दोरा ओढून काढायची, चंद्राकडे धरायची आणि फुंकरीने सोडून द्यायची. 'जुनं घे, नवं दे.' एवढंच म्हणायची. याला दशी वाहणं म्हणतात. मला तिने माझ्या परकराचा दोरा काढायला लावला होता, तो निघता निघेना, तर तिने दाताने तोडून माझ्या बोटात दिला. नऊवारी विटलेलं असायचं, वर्षाला दोन लुगडी घेणारी बाई, आणि दर महिन्याला चंद्राकडे हक्काने नवं मागायची. हल्ली ज्याला आपण मॅनिफेस्टेशन म्हणतो, सेल्फ-लव्ह म्हणतो, ते सगळं मला त्या एका दोऱ्यात दिसतं. आधी स्वतःच्या अंगावरचं काहीतरी द्यायचं, अगदी दोऱ्याएवढं का होईना, आणि मग स्वतःसाठी मागायचं, आणि मागताना लाजायचं नाही.

माझं आता असं ठरलंय. अमावस्येला कपाटाचा एकच कप्पा रिकामा करते, अख्खं कपाट नाही, नाहीतर दमायला होतं, एक समई घासते, डोक्याला कोमट खोबरेल लावून लवकर झोपते. झोप हेच त्या दिवसाचं गिफ्ट. मागच्या महिन्यात काय सोडायचंय ते लिहायचं असेल तर त्याच रात्री लिहावं, अंधारात ते जमतं. आणि बीजेला स्वतःसाठी काहीतरी नवं, पण लहान. चंद्रकोर टिकलीचं पाकीट, एक गजरा, आवडीचा साबण, चैत्रात एकदा खणाचा ब्लाउजपीस आणला होता आणि शिवायला टाकला तो बीजेलाच. मी पूर्वी ऑनलाइन एक न्यू मून किटही मागवलं होतं, मेणबत्ती, स्फटिक, छापील कार्डं, बाराशे रुपये गेले आणि ते अजून ड्रॉवरमध्ये आहे, ज्यांना त्यातून आनंद मिळतो त्यांनी जरूर घ्यावं, मला तो गजऱ्यातून जास्त मिळाला.

कोर बघायची ती सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी, सूर्य जिथे बुडाला त्याच्या थोडं वर, आणि जास्त रेंगाळू नका, तास-दीड तासात ती मावळते. दुर्बीण असेल तर सूर्य पूर्ण बुडाल्याशिवाय डोळ्याला लावू नका. पावसाळ्यात ढगांमुळे दोन-तीन महिने काहीच दिसत नाही, तेव्हा आजी पश्चिमेकडे तोंड करून नुसतीच दशी सोडायची. आणि भाद्रपदातल्या गणेश चतुर्थीला चंद्र बघत नाहीत म्हणून काहीजणी बीजेलाही घाबरतात, तर ते फक्त त्या चतुर्थीपुरतं आहे.

उत्तरेकडच्या मैत्रिणी असतील तर एक लक्षात ठेवा, त्यांचा महिना पौर्णिमेनंतर बदलतो, आपला अमावस्येनंतर. म्हणून त्यांचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस लागतो, आणि गोकुळाष्टमी आपल्याला श्रावणात तर त्यांना भाद्रपदात, दिवस मात्र एकच. शुद्ध पक्ष दोघींचा सारखाच, म्हणजे बीज दोघींची एकाच संध्याकाळी. अमेरिकेत असलात तर भारतातल्या पंचांगावर जाऊ नका, न्यू मूनचा क्षण जगभर एकच असतो पण तिथे तेव्हा घड्याळात कदाचित आदल्या दिवसाची तारीख असते आणि तिथी तिथल्या सूर्योदयावर धरतात. सगळ्यात सोपं म्हणजे बाहेर येऊन बघा.

वर्षातली एक बीज तर सगळ्यांना पाठच असते, कार्तिकातली, भाऊबीज. त्या दिवशी आमच्याकडे आधी चंद्राला ओवाळतात आणि मग भावाला. माझी एक मावशी आहे, तिला भाऊ नाही. ती दर वर्षी तबकात निरांजन, सुपारी, अक्षता घेऊन बाल्कनीत जाते, समोरच्या बिल्डिंगच्या टाकीमागून कोर दिसते तेवढ्या जागेत उभी राहते, चंद्रालाच भाऊ म्हणून ओवाळते. ओवाळणी द्यायला कोणी नसतं, तर पाडव्यालाच तिने स्वतःसाठी साडी आणून ठेवलेली असते, ओवाळून आत येते आणि ती साडी नेसते. नेसायच्या आधी जुन्या साडीच्या पदराचा एक दोरा काढून बाल्कनीतून सोडते.