नळात कोण आहे?

खानदेशातल्या बऱ्याच गावांत नळाला पाणी रोज येत नाही. कुठे ते दोन दिवसांआड येते, कुठे चार, आणि मे महिना लागला की हे अंतर आणखी वाढते. आमच्या घरी पाण्याच्या दिवशी सर्वांत आधी उठते ती मनी, म्हणजे साडेतीन किलो वजनाची आमची गावठी मांजरी. घरातले माणूस हंडे-कळश्या घेऊन मोरीत पोहोचेपर्यंत ती कठड्यावर चढून, पुढचे पाय पोटाखाली घेऊन, तोटीच्या तोंडाकडे टक लावून बसलेली असते. मिनिट-दीड मिनिटाने तोटीतून आधी फुसफुसत हवा येते, मग गढूळ पाण्याचे दोन-चार आचके येतात आणि मग धार लागते. धार लागली की मनी तिच्यावर पंजा मारते, पंजा झटकते, चाटते आणि पुन्हा मारते. शेजारी स्टीलच्या वाटीत तिच्यासाठी भरून ठेवलेले स्वच्छ पाणी तसेच राहते. माझी आजी अहिराणीत म्हणत असे, "ती पानी नही पेस, पानीसंगे खेयस," म्हणजे ती पाणी पीत नाही, पाण्याशी खेळते. या विषयावर वाचत गेल्यावर माझी खात्री झाली आहे की आजीचे निरीक्षण पुष्कळ लोकप्रिय लेखांपेक्षा अचूक होते.

लोकप्रिय लेखांतला खुलासा असा असतो की जंगलात साचलेले पाणी दूषित आणि वाहते पाणी शुद्ध असते, म्हणून वाहत्या पाण्याची आवड मांजरांच्या रक्तातच उतरली आहे. ऐकायला हे पटण्यासारखे आहे. पण प्रयोगशाळेत स्थिर पाण्याची भांडी आणि वाहत्या पाण्याची कारंजी आळीपाळीने ठेवून मांजरे किती पाणी पितात हे मोजले गेले, तेव्हा दोहोंत ठळक असा फरक आढळला नाही. काही मांजरे कारंजाकडे वळली, काही वाटीकडेच राहिली, आणि काहींना दोन्ही सारखेच वाटले. सर्व मांजरांना वाहतेच पाणी प्यायला आवडते असे म्हणता येत नाही, तरीही वाहत्या पाण्याकडे टक लावणारी मांजरे घरोघरी दिसतात. तेव्हा या ओढीचे कारण तहानेपलीकडे शोधले पाहिजे.

तहानेचा हिशेब मात्र आधी पाहून घेऊ, कारण तो मांजराच्या पूर्वजांपर्यंत जातो. घरातले मांजर हे आफ्रिका आणि पश्चिम आशियातील कोरड्या प्रदेशांत राहणाऱ्या रानमांजराचे वंशज आहे, हे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झाले. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे 9500 वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला आहे, म्हणजे हा शेजार तितका जुना आहे. अशा कोरड्या मुलुखातल्या प्राण्याचे मूत्रपिंड पाण्याच्या बाबतीत कमालीचे काटकसरी असते आणि अतिशय दाट लघवी तयार करते. शिवाय पाण्याचा मोठा वाटा शिकारीतूनच मिळतो. घरातल्या उंदराचे वजन 20 ग्रॅम धरले आणि त्यात सत्तर टक्के पाणी धरले, तर दिवसाला दहा उंदीर खाणाऱ्या मांजराला 140 मिलिलीटर पाणी जेवणातच मिळून जाते. साडेतीन किलोच्या मांजराची सगळी गरज सुमारे पावणेदोनशे मिलिलीटरची, म्हणजे वरून लागते ते फार थोडे. बाजारातल्या कोरड्या दाणेदार खाद्यात पाणी दहा टक्क्यांच्या आतबाहेर असते. ते खाणारी मांजरे पाणी जास्त पितात खरी, पण ओले अन्न खाणाऱ्या मांजरांच्या पोटात एकूण जेवढे पाणी जाते, तेवढे बहुधा त्यांच्या पोटात जात नाही.

पाणी पिण्याच्या कामी तोटी काही विशेष सोयीचीही नाही. मांजराची पाणी पिण्याची रीत 2010 साली अमेरिकेतील चार संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने टिपली. त्यांपैकी एकाच्या घरच्या मांजरापासूनच या अभ्यासाची सुरुवात झाली होती. मांजर जिभेची पळी करून पाणी उपसत नाही. ते जिभेचे टोक मागे वळवून पाण्याच्या पृष्ठभागाला नुसते टेकवते आणि झटक्यात वर खेचते. जिभेला चिकटून पाण्याचा एक बारीक खांब वर उचलला जातो, आणि गुरुत्वाकर्षण तो खाली ओढण्याच्या आत मांजर तोंड मिटते. हे सेकंदाला सुमारे चार वेळा घडते आणि प्रत्येक वेळी तोंडात जाते ते मिलिलीटरच्या एक दशांशाच्या आसपास. ही सगळी नजाकत सपाट, स्थिर पाण्यासाठी आहे. धारेखाली मनी जीभ आडवी लावते तेव्हा अर्धे पाणी तिच्या हनुवटीवरून मोरीत जाते आणि ती नाक फेंदारून मागे सरकते. नुसते प्यायचे असते तर वाटी केव्हाही बरी.

मग तोटीत असे काय आहे? माझ्या मते, शिकारी प्राण्याच्या ज्ञानेंद्रियांना ज्या गोष्टी खुणावतात त्या सगळ्या तिथे एका जागी मिळतात, आणि त्यांतली पहिली गोष्ट आवाज आहे. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. मांजराची मर्यादा 85 हजार हर्ट्झच्या घरात जाते, आणि उंदीर एकमेकांशी ज्या अतिउच्च पट्टीत बोलतात तिचा मोठा भाग या टप्प्यात येतो. दाबाखालची हवा किंवा पाणी बारीक फटीतून निसटते तेव्हा जी सळसळ होते, तिच्यातही माणसाला न ऐकू येणाऱ्या उच्च लहरी असतात. दाबाच्या नळ्यांची गळती शोधणारी काही उपकरणे याच लहरींवर काम करतात. पाणी सुटल्यावर नळातली कोंडलेली हवा पुढे रेटली जाते, चकतीच्या फटीतून निसटते, आणि हे सारे आपल्या कानावर फुसफुस येण्याच्या आधीपासून चालू असते. मनी दीड मिनिट आधी मोरीत कशी पोहोचते याचा मला सुचलेला खुलासा हाच. तिला पाण्याचा वार कळतो असे शेजारी मानतात, पण वार चुकवून पाणी आले तरी ती हजर असते.

आवाजावरून वस्तूचा अंदाज बांधण्यात मांजर किती तयार असते, हे जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या साहो ताकागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली एका साध्या प्रयोगातून दाखवले. तीस मांजरांसमोर एक डबा हलवण्यात आला; कधी आतून खुळखुळ आवाज आला, कधी आला नाही. नंतर डबा उपडा केला; कधी त्यातून चेंडू पडला, कधी नाही. आवाज होऊनही चेंडू पडला नाही, किंवा आवाज नसताना पडला, तेव्हा मांजरे अधिक वेळ टक लावून पाहत राहिली. आवाज आला म्हणजे आत काहीतरी आहे आणि ते बाहेर यायला हवे, अशी त्यांची अपेक्षा असते. नळ हा या दृष्टीने कायमचा खुळखुळणारा डबा आहे. आत कोणीतरी सळसळते, पण बाहेर येते ते पाणी. फ्लशची टाकी भरतानाचा सूर, वॉशिंग मशीनचे गरगरणे, कूलरच्या पंपाची कुरकुर, यांच्यापुढे मांजरे ठाण मांडतात त्यामागेही हेच असावे. उन्हाळ्यात आमच्या कूलरच्या गवतावरून पाणी झिरपत असताना मनी एका विशिष्ट कोपऱ्यात कान टवकारून बसते, आणि पहिल्या वर्षी मी तिथे खरोखरच उंदीर असेल म्हणून कूलर उघडून पाहिला होता.

दुसरी गोष्ट हालचाल. मांजराच्या डोळ्यात मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी भरपूर असतात आणि बारीक हालचाल त्याला चटकन दिसते. मात्र 25 सेंटिमीटरच्या आतल्या वस्तूवर त्याची नजर नीट ठरत नाही. नाकापुढचे जग ते डोळ्यांपेक्षा मिशांनी आणि पंज्यांनी समजून घेते, आणि भक्ष्यावर झडप घालताना मिशा पुढे वळवते. स्थिर, पारदर्शक पाणी हे अशा डोळ्यांना मोठे फसवे प्रकरण आहे, कारण पृष्ठभाग नेमका कुठे सुरू होतो ते दिसतच नाही, आणि त्यात स्टीलची वाटी असेल तर तिच्या चकाकीची भर पडते. पुष्कळ मांजरे पिण्यापूर्वी पाण्यात पंजा बुडवतात किंवा वाटी ढकलून पाणी हिंदकळवतात, ते बहुधा हा पृष्ठभाग शोधण्यासाठीच. धार मात्र दिसते, लखलखते, वाजते आणि पंजा लावला की बाजूला वळते.

हे वळणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मांजराचे खेळणे आणि शिकार करणे यांमागची प्रेरणा बरीच एक आहे, असे ब्रिटनमधील सारा हॉल आणि जॉन ब्रॅडशॉ यांच्या प्रयोगांतून दिसले. भुकेली मांजरे खेळण्यांवर अधिक जोराने तुटून पडत. याच मालिकेतल्या 2002 सालच्या अभ्यासात एकच खेळणे थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा दिले तेव्हा मांजरांचा उत्साह दर खेपेला ओसरत गेला, आणि वेगळे खेळणे समोर येताच ती पुन्हा उसळली. खऱ्या शिकारीत पंज्याखालचे सावज बदलते, फाटते, निसटते. खेळणे मारूनही जसेच्या तसे राहते, म्हणून मांजर त्याला विटते. पाण्याची धार दर क्षणी नवी असते. पंजा मारला की ती फुटते, तिचे थेंब उडून कठड्यावर धावतात, आणि पंजा काढला की पुन्हा पहिल्यासारखी उभी राहते. बाजारातून आणलेले पिसांचे खेळणे मनीने चार दिवसांत टाकले; तोटीशी तिचे सहा वर्षे जमले आहे.

पाण्याशी खेळणारे हेच मांजर अंगावर तांब्याभर पाणी पडले तर घर डोक्यावर घेते, याचे अनेकांना नवल वाटते. पंजा आणि सगळे अंग यांत फरक आहे. मांजराची दाट केसाळ कातडी पाणी धरून ठेवते, जड होते आणि सुकायला वेळ घेते; पंजा झटकला की झाले.

खानदेशात याला उन्हाचीही जोड आहे, आणि ती कमी लेखण्यासारखी नाही. आरामात बसलेल्या मांजराला 30 ते 38 अंश सेल्सिअस ही पट्टी सुखाची असते, आपल्याला घाम फुटतो तिथे ते निवांत झोपते. पण जळगाव-भुसावळकडे पारा 45 ओलांडतो तेव्हा त्याचाही इलाज खुंटतो. घामाच्या उपयोगी ग्रंथी त्याच्या तळपायांनाच असतात, म्हणून ते अंग चाटून थुंकीच्या बाष्पीभवनावर गारवा मिळवते आणि गार फरशीला पोट टेकते. मोरीतली ओली शहाबादी, बेसिनचे गुळगुळीत चिनीमातीचे भांडे आणि माठाखालची ओल या दुपारी घरातल्या सर्वांत थंड जागा असतात. आमची मनी तर माठाच्या बुडाशी पाझरून आलेले थेंब एकेक करून चाटते. बेसिनचा खोलगट आकारही तिला मानवतो, कारण मांजराला कडेने वेढलेली जागा आवडते. नेदरलँड्समध्ये 2014 साली निवारागृहातल्या नव्या मांजरांना लपायला खोके दिले, तेव्हा त्यांचा ताण खोके न मिळालेल्या मांजरांपेक्षा लवकर उतरला.

केळीच्या मळ्यातली मांजरे पाहिली तर हा सगळा मामला खेळाच्या पुढे जातो. आमच्या नातलगांच्या रावेरकडच्या मळ्यात ठिबकच्या नळीशेजारी एक बोका तासन् तास बसलेला मी पाहिला आहे. नळीला एका जागी बारीक भोक पडून पाण्याची पिचकारी उडत होती आणि बोक्याची नजर मात्र त्याच्या थोडी अलीकडे, बांधाच्या कडेला होती. सालदाराने नळी उचलून दाखवली तेव्हा भोकाच्या कडेला दातांच्या खुणा स्पष्ट दिसल्या. उंदीर ठिबकच्या नळ्या कुरतडतात हे त्या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. तिथे नळीतली सळसळ आणि उंदराची सळसळ एकाच ठिकाणी येते, आणि तिच्यावर नजर ठेवणाऱ्या मांजराचा अंदाज कधी कधी अगदी बरोबर ठरतो.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. खेळणारे मांजर आणि तहानलेले मांजर यांत फरक करता आला पाहिजे. उतारवयातले मांजर अचानक नळाशी, बादलीशी, वाटीशी सतत पाणी पिताना दिसू लागले आणि लघवीही वाढली, तर मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा थायरॉइडचा आजार असू शकतो आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे लागते. बोका वारंवार लघवीला बसून थेंबही होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो, आणि तिथे तासांचाही उशीर जिवावर बेततो.

आमच्याकडे पाणी साधारण पाऊण तास चालते. धार बारीक होते, तिचे थेंब होतात, मग नळात हवा परत शिरताना गुडगुड असा आवाज खाली खाली जात राहतो. नजरेसमोर पडद्याआड गेलेली वस्तू मांजर शोधू शकते, पण आडोशाच्या आत तिची जागा बदलली तर ते गोंधळते, असे प्रयोगांतून दिसले आहे. मनी आधी तोटीच्या तोंडात पंजा घालून पाहते. मग उडी मारून खाली येते, मोरीच्या जाळीचा वास घेते, आणि भिंतीतून जाणारा नळ जिथे फरशीत शिरतो तिथे कान लावून बसते.