उंब्रिया : ग्रामीण पर्यटन

उंब्रिया हा मध्य इटलीतील डोंगराळ, शेतीप्रधान प्रदेश. क्षेत्रफळ सुमारे ८,४५६ चौ. किमी.; पेरूजा आणि तेर्नी हे दोन प्रांत. इटलीच्या वीस प्रदेशांपैकी ज्याला समुद्रकिनारा नाही आणि परदेशाची सीमाही नाही, असा हा एकटाच. शेजारच्या टस्कनीची कीर्ती मोठी असल्यामुळे रोमहून फ्लॉरेन्सला जाणारे पुष्कळ प्रवासी उंब्रिया आगगाडीच्या खिडकीतूनच पाहतात. ही मोठी चुकामूक आहे.

येथे पाहण्याजोगे जे आहे, त्यातले बरेचसे पाहुण्यांसाठी कोणी घडवलेले नाही. दलदल हटवणे, वेढ्यात पाणी पुरवणे, मसूर पेरणे, ऑलिव्ह गाळणे अशा कामांतून ते उभे राहिले. म्हणून आधी महिना ठरवावा. काय पाहायचे ते बहुतांशी त्यावरून ठरते.

मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत कास्तेलूच्चोला जावे. सिबिल्लीनी पर्वतरांगेत सुमारे १,४५० मी. उंचीवर हे खेडे आहे आणि त्याच्या पायथ्याशी ‘पियानो ग्रांदे’ हे विस्तीर्ण पठारी मैदान. या दिवसांत मैदानावर लाल, पिवळे, निळे पट्टे उमटतात. ही फुले कोणी लावलेली नसतात. येथे मसुराची शेती होते आणि पिकात तणनाशक वापरत नाहीत. त्यामुळे खसखशीच्या जातीची लाल फुले, रानमोहरी, निळी कॉर्नफ्लॉवर ही सारी तणे पिकासोबत वाढतात. म्हणजे पाहुणे ज्यासाठी येतात ते खरे तर तण आहे. छायाचित्रासाठी शेतात शिरणे म्हणजे कोणाचे तरी उभे पीक तुडवणे. बांधावरून पाहिले तरी काही कमी दिसत नाही. येथील मसूर दाण्याने बारीक व सालीने पातळ असते, भिजवल्याशिवाय शिजते. १९९७ पासून तिला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे.

३० ऑक्टोबर २०१६ रोजी या भागात ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. कास्तेलूच्चोतील बहुतेक घरे कोसळली. जवळच्या नोर्चा या संत बेनेडिक्टच्या जन्मगावातील त्याच्या नावाच्या चर्चची दर्शनी भिंत तेवढी उभी राहिली. रस्ते खचलेले असतानाही २०१७ च्या वसंतात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन वर गेले आणि मसूर पेरली गेली. पडझडीच्या खुणा अजून दिसतात. जाणाऱ्याने तेथे जेवावे आणि मसूर शेतकऱ्याकडूनच विकत घ्यावी.

तेर्नीजवळचा मार्मोरे धबधबा १६५ मी. उंचीचा, तीन टप्प्यांत कोसळणारा. आणि तो मानवनिर्मित आहे. इ. स. पू. २७१ मध्ये रोमनांनी रिएतीच्या मैदानातील दलदल हटवण्यासाठी वेलीनो नदीचे पाणी कालव्याने आणून नेरा नदीच्या खोऱ्यात सोडले. आज हे पाणी बरेचसे वीजनिर्मितीला जाते आणि ठरावीक वेळीच धबधब्याला सोडले जाते. वेळापत्रक न पाहता गेल्यास समोर ओला कातळ तेवढा दिसतो. पाणी सुटण्यापूर्वी भोंगा होतो, मग काही मिनिटांत खोरे तुषारांनी भरून जाते. ओर्व्हिएतोची विहीरही पाण्याच्या काळजीतून आली. १५२७ मध्ये रोमची लूट झाल्यावर पोप सातवा क्लेमेंट या कड्यावरच्या गावात आश्रयाला आला आणि वेढा पडला तरी पाणी मिळावे म्हणून त्याने वास्तुकार आंतोनिओ दा सांगाल्लोकडून ती खोदवून घेतली. पन्नास मीटरहून खोल असलेल्या या विहिरीत २४८ पायऱ्यांचे दोन गोल जिने एकमेकांना न भेटता फिरतात : पाणी वाहणारी खेचरे एकाने उतरत आणि दुसऱ्याने चढत.

आसिसी हे संत फ्रान्सिसचे गाव. जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी हे चर्च याच संताच्या नावाचे. येथील त्याच्या महामंदिराचे (बॅसिलिकाचे) काम १२२८ मध्ये सुरू झाले. त्यात एकावर एक अशी दोन चर्च आहेत. वरच्या चर्चमधील त्याच्या जीवनावरची २८ भित्तिचित्रे परंपरेने चित्रकार जोत्तोची मानतात. दुपारच्या गर्दीपेक्षा सकाळी लवकर जावे. त्रासिमेनो सरोवर सुमारे १२८ चौ. किमी. पसरलेले, पण जेमतेम सहा मीटर खोल, इ. स. पू. २१७ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने याच्या काठावर रोमन सैन्याला गाठले. आज तेथून बोटीने इसोला माज्जोरे या बेटावर जाता येते.

१५ मे रोजी गुब्बिओत ‘चेरी’ची म्हणजे उंच लाकडी मनोऱ्यांची धाव असते. तीन संतांच्या मूर्ती बसवलेले हे मनोरे खांद्यावर घेऊन गावकरी गल्ल्यांतून डोंगरावरच्या चर्चपर्यंत अक्षरशः पळत जातात. संत उबाल्दो नेहमी पहिला, म्हणून हरणे-जिंकणे नाही; मनोरा न पडता, न डगमगता नेला की झाले. कॉर्पस डोमिनी या कॅथलिक सणाला स्पेल्लो गावात रात्रभर जागून रस्त्यांवर पाकळ्यांचे गालिचे घालतात. रांगोळीची सवय असलेल्या नजरेला त्यामागची मेहनत लगेच कळते.

चालायला आवडणाऱ्यांसाठी स्पोलेतो–नोर्चा हा जुना लोहमार्ग आहे. १९२६ ते १९६८ या काळात ५१ किमी. धावलेल्या या गाडीचे रूळ आता नाहीत. मार्गाच्या बऱ्याच भागावरून पायी किंवा सायकलने जाता येते. बोगदे अंधारे व थंड असतात, विजेरी आणि स्वेटर जवळ ठेवावे.

मुक्कामासाठी ‘आग्रीतुरीस्मो’ म्हणजे शेतघर निवडावे. १९८५ च्या कायद्याने त्याला चौकट मिळाली. मुख्य अट ही, की शेती हाच प्रमुख व्यवसाय राहिला पाहिजे आणि पाहुणचार हा जोडधंदा. महाराष्ट्रानेही २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले, त्यामुळे ही कल्पना आपल्याला अनोळखी नाही. स्पोलेतो, आसिसी, ओर्व्हिएतो येथे रेल्वेने जाता येते. कास्तेलूच्चोसाठी मोटार हवी. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो, आणि अनेक जुन्या गावांच्या आत बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असल्याने गाडी वेशीबाहेरच लावावी.

जेवण साधे असते. ‘तोर्ता आल तेस्तो’ ही सपाट तव्यावर भाजलेली जाड पोळी, ‘स्त्रांगोत्सी’ हा हातवळणीचा पास्ता, वर हिवाळ्यात नोर्चाचा काळा ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी सुगंधी अळंबी. शाकाहारी माणसाने मसुराच्या सूपबद्दलही विचारून घ्यावे. त्यात डुकराचे मांस घालण्याची पद्धत आहे. पाव बिनमिठाचा असतो आणि पहिल्या घासाला बेचव लागतो. ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये ऑलिव्हची तोडणी होते. आसिसी ते स्पोलेतो दरम्यानच्या या उतारांवरील बागांना २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषी वारशाचा दर्जा दिला. त्या दिवसांत घाण्यावर जावे. हाच पाव भाजून, त्यावर लसूण घासून, नुकतेच गाळलेले हिरवे तेल ओतून देतात. तेल तिखट असते, घशाला किंचित लागते, आणि पावात मीठ का नको ते तेव्हा कळते.