समन्यायी वाटप आणि सत्तावाटप

समाजबदलाविषयी मराठीत जे लिहिले आणि बोलले जाते, त्यात ‘सक्षमीकरण’ या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात: एक समन्यायी वाटप आणि दुसरी सत्तेचे वाटप. मुंबईतल्या संस्थांचे अहवाल, योजनांची माहितीपत्रके, चर्चासत्रांची निमंत्रणे, सगळीकडे हा घोळ तसाच पुढे चालू राहतो, म्हणून हा फरक एकदा सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

समन्यायाबद्दल फार सांगायला नको. सर्वांना सारखे देणे वेगळे आणि ज्याची अडचण मोठी त्याला अधिक देणे वेगळे, हे समन्यायी पाणीवाटपाचे वाद ऐकत आलेल्या वाचकाला ठाऊक असते. तरीही प्रत्येक प्रशिक्षणात कुंपणापलीकडचा सामना पाहणारी कमी-जास्त उंचीची तीन मुले आणि बुटक्याला अधिक या हिशेबाने त्यांच्या पायाखाली दिलेले खोके असे ते चित्र दाखवले जातेच. त्या चित्रावर माझा आक्षेप आहे. खोके कोणाच्या मालकीचे, ते कोणी वाटले आणि उद्या ते कोण काढून नेऊ शकेल, हे त्यात कुठेच दिसत नाही. गरजेनुसार वाटप एवढ्या मर्यादित अर्थाने ‘समता’ हा शब्द वापरणेही मला पटत नाही. फुले-आंबेडकरांच्या परंपरेतली समता माणसाच्या दर्जाविषयी बोलते, वाट्याच्या आकाराविषयी नव्हे.

खरी गफलत होते ती पुढे. समन्यायी वाटपात कोणाला काय मिळाले हे पाहायचे असते. सत्तावाटपात ते कोणी ठरवले आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्यांना झळ बसणार आहे त्यांना न विचारता ते मोडता येते का, हे पाहायचे असते. पहिली गोष्ट एका शासननिर्णयाने घडू शकते आणि दुसऱ्या शासननिर्णयाने नाहीशीही होऊ शकते.

गिरणगावाचे उदाहरण घ्या. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने विकासाला निघणाऱ्या गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला घरांसाठी आणि एक गिरणीमालकाला. वाटप म्हणून हे सूत्र चांगले होते. पण २००१ मध्ये नियम बदलला आणि हे वाटे संपूर्ण जमिनीचे न धरता केवळ इमारती नसलेल्या मोकळ्या जमिनीचे धरायचे ठरले. गिरणीच्या आवारात शेड आणि चिमण्यांनीच बहुतेक जागा व्यापलेली असते, त्यामुळे शहराच्या आणि घरांच्या वाट्याला फार थोडे उरले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मूळ सूत्राच्या बाजूने कौल दिला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम उचलून धरला. पुढे म्हाडाने कामगारांसाठी घरांच्या सोडती काढल्या, अनेक कुटुंबांना घरे मिळाली आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु नियमातला तो बदल रोखण्याचा अधिकार कामगारांच्या हाती कोणत्याही टप्प्यावर नव्हता.

हाच धडा त्याआधी महाडने दिला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला आणि पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर समन्याय झाला होता. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले तेव्हा त्यांना मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. दुसऱ्याने दिलेले दुसराच परत घेऊ शकतो, हे ज्यांनी भोगले त्यांनी सवलतीवर न थांबता प्रतिनिधित्वाची मागणी का लावून धरली, हे यावरून समजते.

‘सहभाग’ हा शब्द या दोहोंच्या मधोमध घुटमळतो. तयार आराखड्यावर वस्तीची संमती घेणे म्हणजे सत्ता देणे नव्हे, एवढे सांगून मी पुढे जातो. महापालिकेसारख्या स्थानिक स्वराज्य संस्थांतले महिलांचे ५० टक्के आरक्षण मात्र निश्चितच सत्तेच्या दिशेचे पाऊल आहे. तरी १८८८च्या अधिनियमानुसार मुंबई महापालिकेचे कार्यकारी अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात, आणि मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर निवडणूक वर्षानुवर्षे लांबली तेव्हा निवडून आलेल्या बायकांची ती निम्मी सत्ताही त्या काळापुरती उरली नाही.

जखमा भरून येण्याविषयी, ज्याला आता सर्रास ‘हीलिंग’ म्हणतात, बोलताना हीच चूक अधिक वेदनादायक ठरते. भरपाई हे समन्यायाचे काम आहे आणि ती वेळेत मिळालीच पाहिजे. पण घडलेले सांगण्याचा, ते नोंदले जाण्याचा आणि त्यावर जाब मागण्याचा अधिकार ही सत्तेची बाब आहे, आणि त्यावाचून जखम वरून धरते, आत चिघळत राहते. १९९२-९३च्या दंगलींनंतर नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगापुढे असंख्य मुंबईकरांनी आपली साक्ष दिली. तो आयोग राज्य सरकारने जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळला आणि त्याच वर्षी मे महिन्यात पुन्हा सुरू केला. साक्ष देणाऱ्यांना या दोन्ही निर्णयांत स्थान नव्हते. १९९८ मध्ये अहवाल विधिमंडळापुढे आला, पण अशा आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. म्हणून दंगलपीडितांसाठी शिबिरे आणि सद्भावना मेळावे भरवणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, मने जुळवण्याआधी त्या कुटुंबांना कागदपत्रे मिळवून द्या, वकील मिळवून द्या आणि पुढे काय करायचे हे त्यांना ठरवू द्या. दंगलीत बेपत्ता झालेल्यांच्या ज्या कुटुंबांना भरपाई मिळालेली नाही त्यांचा शोध घ्यावा, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला तो २०२२ मध्ये, तीस वर्षांनी.